कोपऱ्यातला बारीक आकडा

३ जून.
आजपासून रोज एक तास बीजगणित. ठरलं म्हणजे ठरलं. दहावीचा एवढा एकच विषय राहिलाय. तो सुटला की हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीची सुपरवायझर मीच. सुपरवायझरला रविवारची सुट्टी. बावीस वर्षं चादरींना इस्त्री करतेय, एक रविवार घरी काढला नाही. आमच्यातली चष्मेवालीही परीक्षेला बसलीय. बसू दे. तिला उशीचा अभ्रासुद्धा सरळ घडी घालता येत नाही.

४ जून.
पाय दुखले. अभ्यास नाही. एका दिवसाने काही बिघडत नाही.

७ जून.
सून म्हणाली, मी शिकवते. स्वतःहून! कोणी न सांगता? काहीतरी शिजतंय. रविवारभर सासू घरात बसलेली कुठल्या सुनेला हवी असते?

८ जून.
पदाची कोटी शिकवली. म्हणे, अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडा असतो, तीच कोटी. दोन अक्षरं असली तर दोघांच्या डोक्यावरचे आकडे मिळवायचे. पुढचा मोठा आकडा बघायचाच नाही. मी विचारलं, मग १००क्ष मोठं, की डोक्यावर बारीक ३ घेतलेला क्ष? म्हणाली, आई, कोटी त्या तीनवाल्याची मोठी, शंभराला इथे विचारतंय कोण? शंभराला कोणी विचारत नाही! आमच्या गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर मोठा आकडा नगांचा, कोपऱ्यातला बारीक आकडा वॉर्डाचा. बारक्याकडे मी बावीस वर्षांत ढुंकून पाहिलं नाही. काही अडलं नाही.

११ जून.
क्षच्या डोक्यावर काहीच नसलं तर तिथे एक असतो म्हणे. लपलेला. कोणी लपवला? कशासाठी? आणि नुसत्या सातची कोटी शून्य! सात धडधडीत समोर उभे तर शून्य, आणि जिथे काही नाही तिथे एक. मुलाला विचारलं, तुझी बायको खरं शिकवते ना? तो म्हणाला, मला यात ओढू नकोस. म्हणजे त्यालाही माहीत आहे.

१४ जून, दुपारी.
सुनेने वीस उदाहरणं घातली. वीसही बरोबर आली. आता संशय पक्का झाला. माझी वीसच्या वीस बरोबर येतील?

१५ जून.
पुस्तकाच्या मागची उत्तरं पाहिली. तिच्यासारखीच आहेत. पुस्तक आणलं कोणी? तिनेच.

२० जून.
परीक्षा झाली. पहिलाच प्रश्न कोटीचा, पाच मार्कांचा. आधी सुनेने सांगितलं तसं लिहिलं. मग वाटलं, एवढं सोपं कोण विचारेल? सगळं खोडलं. १००क्षची कोटी शंभर, सातची सात. ठसठशीत. पुढच्या बाकावर चष्मेवाली शून्य काढत होती. फसली बिचारी.
घरी येऊन सुनेला सांगितलं. ती कपाळाला हात लावून खाली बसली. डाव उलटला की माणूस असाच बसतो.

२ ऑगस्ट.
निकाल. एकतीस. पस्तीस हवे होते. पेपर तपासणारा घाईत असणार.
सून आत जाऊन रडली. तिला रडायला काय झालं? नापास मी झाले. मुलगा म्हणाला, तुझ्या पहिल्या रविवारचा बेत तिने कधीचा करून ठेवला होता. सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि तुला जागचं उठू द्यायचं नाही. मग हे आधी सांगायला काय झालं होतं? लपवून ठेवलेलं मला दिसणार कसं?

५ ऑगस्ट.
चष्मेवाली सुपरवायझर झाली. आल्या आल्या हुकूम काढला, गठ्ठे नगांवर लावायचे नाहीत, कोपऱ्यातला बारीक आकडा बघून वॉर्डाप्रमाणे लावायचे. चिठ्ठी जवळ धरली, लांब धरली. काही दिसेना. शेवटी तिलाच वाचायला सांगावं लागलं.
घरी येऊन सुनेला म्हटलं, मला चष्मा करायचाय, दुकानात घेऊन चल. ती लगेच म्हणाली, रविवारी जाऊ.
मग आपणच जीभ चावून म्हणाली, नको, सोमवारी तुम्ही कामावरून आलात की जाऊ.