बोडीतला खोल खड्डा

२ मार्च १९७६

माशांनो, तुम्हाला बोडीबाहेर जाता येत नाही आणि पोलिसांच्या हुकुमामुळे मला गावाबाहेर. भाषण करणार नाही असं लिहून दिलं, तर सुटका.

हेच बोलत आज परसातल्या बोडीतला गाळ उपसला, मधला खड्डा खोल केला. उन्हाळ्यात पाणी आटलं तरी मासे त्यात तगतील. काठावरून बायको म्हणाली, "भरली म्हणा तुमची सभा. एकही उठून नाही जाऊन राहिला."

हसलो. पण तो खड्डा डोक्यातून जाईना. मासे त्यात तगतील खरे, पण नुसत्या हातानेही धरता येतील. माझ्यासाठी पोलिसांनी खणलेला खड्डा हाच ना? लिहून दे आणि निवांत जग.

लिहून द्यायला त्यांनी दिलेला कागद खिशातच आहे. सकाळी शिपाई येईल. गड्या, त्याला तो कोराच परत दे.