प्रदर्शनातला रांजण

बुसानला, वन्संना,

वहिनीचा वाकून नमस्कार. (थोरल्या वहिनीने धाकट्या नणंदेपुढे वाकायचं नसतं, पण यंदा कंबर आपोआपच वाकली आहे, तेव्हा नमस्कार पदरात पडला म्हणा.) तुमचे गुडघे कसे आहेत? तुमचे यजमान अजून गळ घेऊन समुद्रावर पळतात का?

तुमच्या भाऊंचं घर नगरपालिकेने संग्रहालय केल्यापासून मी रोज सकाळी तिकीट घेऊन माझ्याच घरात जाते. (म्हाताऱ्यांना फुकट आहे, पण घ्यावं लागतंच.) तिथली मुलगी पाहुण्यांना सांगते, थोर कादंबरीकार पहाटे उठून या मेजापाशी लिहीत. मी गप्प बसते. पहाट त्या माणसाने पाहिली ती झोपायला जाताना, आणि लिहायचे ते खालून चुलीने तापवलेल्या ऊबदार जमिनीवर पोटावर पडून. मेजावर माझी लोकर असायची. पण जाऊ द्या, मेज खोटं बोललं तरी कुणाचं काही नासत नाही. सोया सॉस नासतो.

मागच्या अंगणातला तुमच्या आजीपासूनचा रांजण, जुन्यात नवा सॉस घालत विरजणासारखा चालत आलेला, तोही प्रदर्शनात गेला. मला फ्लॅटवर नेता आला नाही. नवे संचालक प्यो साहेब (भारी शिकलेले, मनाने चांगले) यांनी धूळ जाऊ नये म्हणून झाकणाला चिकटपट्टी लावली. ऊन नाही, वारा नाही, जिवंत सॉसला पुरलंच की हो वन्सं. मग पाहुण्यांची पाठ फिरली की मी पट्टी सोडवायची, झाकण बाजूला करायची, आणि उन्हं उतरायच्या आत सगळं होतं तसं लावून घरी. परवा पकडली गेले. झाकण हातात आणि समोर शाळेची अख्खी सहल.

प्यो साहेब म्हणाले, "आजी, वस्तूंना हात लावायचा नसतो. पाटी दिसते ना?"

मी म्हटलं, "दिसते की. पण ही वस्तू नव्हे, अहो. चाखून बघा."

त्यांनी बोट बुडवलं (पाटीच्या देखत). पुन्हा एकदा बुडवलं. मग म्हणाले, "माझ्या आजीकडे असाच होता. ती गेल्यावर कुणी झाकणच उघडलं नाही."

पट्टी त्यांनी स्वतः काढली. आता मी राजरोस झाकण उघडते. तेव्हा इकडची काळजी नको, आणि या वयात मुद्दाम एवढ्या लांब यायची तर मुळीच गरज नाही.

तुमची वहिनी,
मालसुन

ता. क. प्यो साहेबांनी विचारलं, "आजी, तुमच्यानंतर कोण?" रांजण सुनेकडे जायचा, लेकीकडे नाही, ही आपली रीत. पण माझी सून सॉस दुकानातून बाटलीत आणते. मी तुमचं नाव सांगून आले आहे.

ता. क. दुसरा. नाही म्हणू नका. सासूबाई मला शिकवायच्या तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून बघायच्या. परक्या घरी जाणारी पोर म्हणून त्यांनी तुम्हाला कधी पळीही धरू दिली नाही. मला तेव्हाही वाईट वाटायचं. काल झाकण लावताना माझे हात इतके थरथरले की ते फुटता फुटता वाचलं. वसंतात नवा सॉस घालायचा आहे. या तुम्ही. पळी तुमच्या हातात देते, दारात मी उभी राहते.