मोगऱ्याला सोडलेले पाणी

आबा, यंदाच्या पितृपक्षात तुमच्या तिथीला आम्ही सारे साताऱ्यास धाकट्या भावाच्या घरी जमलो होतो. जेवणे झाल्यावर त्याने आपल्या नातवंडांना तुमची जी आठवण सांगितली, ती चुकीची आहे. त्याचे म्हणणे असे की, आईला मोगऱ्याची फार आवड होती. म्हणून सांगलीच्या घरात खिडकीचा एसी बसवताच तुम्ही त्याचे गळणारे पाणी नळीने मोगऱ्याच्या बुंध्याशी सोडले, म्हणजे ऐन उन्हाळ्यात झाड फुलावे आणि आईला गजरा मिळावा. सांगताना त्याने दोनदा चष्मा काढून पुसला. फौजेत हवालदारकी केलेला माणूस तो. त्याला तसे पाहून सुना डोळे टिपू लागल्या. त्याने आता स्वतःच्या खिडकीखालीही मोगरा लावला आहे आणि एसीची नळी त्यात सोडली आहे. मी पानाचा विडा चघळत बसून राहिलो. आईचे मोगऱ्याच्या वासाने डोके चढत असे आणि ती अबोली माळत असे, हे त्याला ठाऊक नाही, कारण त्या वर्षांत त्याची पलटण राजस्थानात होती. एवढीच चूक असती तर मी ती तिथल्या तिथे सुधारली असती. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वहीत लाल शाईने हेच तर केले. पण चैत्रात जे घडले त्यानंतर माझी मती अजून ठिकाणावर आलेली नाही, आणि ज्याला जाब विचारायचा तो तुमच्याखेरीज दुसरा कोणी नाही.

एसी बसवला तो दिवस मला स्वच्छ दिसतो. तुम्ही ज्या कुपवाडच्या कारखान्यात वायरमन होता, तेथील साहेबांच्या खोलीतून काढलेले ते धूड तुम्ही हातगाडीवरून आणले आहे. आईचे हृदय अधू, तिला उन्हाळा सोसत नाही. खिडकीचे गज कापलेले आहेत, लाकडी चौकट ठोकलेली आहे, आणि तुम्ही एसीच्या माथ्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवून, एक डोळा मिटून, पाण्याचा काठ कुठे कलतो ते पाहता आहात. मी विचारले, यंत्र सरळ का बसवत नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "सरळ तुझ्या फळ्यावरच्या रेघा. ह्यो भाईर वाकला पायजे. आत वाकला तर सगळं पाणी तुझ्या आईच्या उशाला, आन् उशालाच हाय पलग." प्लग या शब्दाचा तुम्ही पलग करत असा, मी तो सुधारला, आणि तुम्ही "व्हय गुरुजी" म्हणून माझ्याकडे पाठ फिरवलीत. उन्हाळ्यात उसाला पाणी देणाऱ्या मोटारी चालू झाल्या की विजेचा दाब उतरत असे, एसी नुसता गुरगुरत असे, आणि तुम्ही कारखान्यातून आल्या आल्या हात न धुता आधी स्टॅबिलायझरचा काटा पाहत असा. यंत्र बंद पडले तर ते लगेच चालू करायचे नाही, आधी चहा प्यायचा, असा तुमचा दंडक होता. या साऱ्याची कारणे तुम्ही आम्हांला, शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, कोणी विचारो वा न विचारो, तास तासभर सांगत असा. "कुपवाडात अर्थिंग करावं ते आपणच," हे वाक्य तर मी माझ्या लग्नाच्या पंगतीतही ऐकले आहे.

म्हणूनच ती दुसरी दुपार मला कधी उलगडली नाही. सुटी लागली होती. नळीचे पाणी मातीत मुरून वाया जाते, असे पाहून मी ती उचलून बादलीत सोडली. कपड्यांना उपयोगी पडेल, एवढाच हेतू. तुम्ही आलात, बादली पाहिलीत, आणि जे बोललात ते मी शिक्षक झाल्यानंतर, बायकोदेखत, तुमच्या तोंडून प्रथमच ऐकले. त्यातला लिहिण्याजोगा भाग एवढाच: "त्या पायपाला ह्या घरात कुणी हात लावायचा न्हाई. मी मेल्यावं बी न्हाई." मी कारण विचारले. ज्या माणसाला कारणे सांगण्याचा कधी कंटाळा आला नाही, तो माणूस एवढेच म्हणाला, "मोगरा वाळंल." हिवाळ्यात एसी बंद असे. तेव्हा घरातले पहिले माणूस अंघोळीला जाण्याआधी तुम्ही स्वतः बादली घेऊन मोगऱ्याकडे जात असा. आम्ही हसत असू. शेवटच्या आजारात उठवेना, तेव्हा तुम्ही माझ्या पत्नीला जवळ बोलावून सांगितलेत, "सूनबाई, गिझर लावायच्या आधी मोगऱ्याला पाणी. रोज." तिने ते व्रतासारखे पाळले. तुम्हांला जाऊन दोन तपे उलटली, त्या खिडकीत आता तिसरा एसी आहे. पण नळी हलली नाही आणि बादली चुकली नाही.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या बाईंनी मोगऱ्याखालचा चिखल पाहिला आणि असे पाणी साठू देऊ नका म्हणून बजावले. त्यांचे बरोबरच होते. आम्ही प्लंबर बोलावून नळी गटारात वळवली. हिवाळ्यात पत्नीचे गुडघे धरले, बादली राहिली, आणि माघापर्यंत मोगऱ्याच्या काटक्या झाल्या. तिला वाईट वाटले. मला, खरे सांगायचे तर, फारसे वाटले नाही.

मग चैत्र. पाडवा नुकताच झाला आहे, दुपारची वेळ आहे, मी पलंगावर वर्तमानपत्र वाचत आहे. एसीखालून पाण्याचा ओघळ भिंतीवरून खाली, थेट प्लगकडे चालला आहे. गटाराच्या चिखलाने नळीचे तोंड बुजले आहे आणि बाहेर वाट न मिळालेले पाणी आत येत आहे, हे आम्हांला मागाहून समजले. पत्नी फडके घेऊन येते, ओघळ पुसते, आणि आधारासाठी दुसरा हात एसीच्या पत्र्यावर ठेवते. आवाज काहीच झाला नाही. ती मागे फेकली गेली आणि पलंगाच्या कडेवर आदळून खाली बसली. मी मेन स्विच पाडला, तेव्हा माझ्या हातात वर्तमानपत्र तसेच होते. तिच्या बोटांवर पांढरे डाग उठले होते, मनगट मोडले होते. ती माझ्याकडे पाहून अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, मला कोणी ढकललं?" खोलीत आम्ही दोघेच होतो, आबा. हा प्रश्न तिने दवाखान्यात पोहोचेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारला, आणि प्रत्येक वेळी मला वाटले की ती मला विचारत आहे.

दुसऱ्या दिवशी कुपवाडहून इलेक्ट्रिशियन आला. चाळिशीचा, बोलका, तुमच्याच जातीचा बढाईखोर. त्याने प्लग उघडला, मीटर लावले आणि म्हणाला, "आवं गुरुजी, पाण्यानं करंट पत्र्यावर आला, त्ये हुतंच. पर अर्थिंग असतं तर त्यो जमिनीत गेला असता. त्याला वाट मिळंना, मग बाईंच्या हातातनं गेला. तुमच्या घराला अर्थिंगच न्हाई." मी म्हणालो की हे अशक्य आहे, माझे वडील याच धंद्यातले होते. तो हसला नाही. त्याने घराच्या विजेच्या मीटरपासून अर्थिंगची हिरवी तार धरली आणि तिच्यामागोमाग भिंतीकडेने चालत गेला. ती तार वाळलेल्या मोगऱ्याच्या बुंध्याशी जमिनीत शिरत होती.

आम्ही खणले. मांडीएवढ्या खोलीवर कुदळ खणकन वाजली. अर्थिंगची तुमची तांब्याची पाटी तेथे नियमाप्रमाणे खोल, उभी पुरलेली नव्हती. काळ्या खडकावर ताटासारखी आडवी ठेवलेली होती, भोवती कोळसा आणि मीठ, सारे कोरडे ठणठणीत. "माळाची जमीन, खाली पत्थर लागला," तो म्हणाला. "पुरुषभर खाली जायला पायजे, म्हाताऱ्यानं हितंच उरकलंय. हिला रोज पाणी मिळालं तर ही अर्थिंग. न्हाईतर नुसतं भांडं." मग त्याने नळी जेथून वळवली होती तेथे पाहिले, बुंध्याकडे पाहिले, आणि टोपी मागे सारली. "आयला. एशीचं पाणी सोडलं हुतं व्हय हितं? आन् हिवाळ्यात?" मी सांगितले, बादली. तो थोडा वेळ खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. "मोगरा वाळला तवाच तुमी मला बोलवायला पायजे हुतं," तो म्हणाला.

आबा, मला या वयात असा धक्का बसेल असे वाटले नव्हते. कुपवाडभर ज्याच्या अर्थिंगची कीर्ती, त्याला स्वतःच्या अंगणात खडक लागला, आणि खडक लागला हे सांगण्यापेक्षा त्याने वरून झाड लावले. दुसरीकडे खणता आले नसते काय? सोबत्याला हाक मारता आली नसती काय? तुम्ही सांगितले नाहीत, म्हणून आम्ही नळी वळवली. आमचे सारे घर तुम्ही एका झाडाच्या ओलीवर बांधून ठेवलेत आणि त्याला प्रेमाचे नाव पडू दिलेत. धाकटा खोटे बोलत नाही. तो तुमचेच वाक्य पुढे सांगत आहे. मी त्या खड्ड्यापाशी उभा राहून मनात तुम्हांला जे बोललो, ते तुमच्या बादलीच्या दिवशीच्या बोलण्याला शोभण्यासारखे होते.

आणि तरी दुसरी गोष्टही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जमिनीतल्या पाटीला पाणी घाला, असे तुम्ही सांगितले असते, तर आम्ही ते वर्षभर केले असते, फार तर दोन वर्षे. मोगऱ्याला आम्ही दोन तपे घातले. हे तुम्हांला ठाऊक होते, की केवळ खडकाची लाज होती? पत्नीला मी विचारले. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ती म्हणाली, "मामंजींनी मला मरताना गिझरचं सांगितलं, फुलांचं नाही. मीच फुलांचं समजले." मग तिने तोंड भिंतीकडे केले. तिला तुमचा राग आला आहे की दया, हे मला अजून ओळखता आलेले नाही, आणि विचारण्याचे धैर्य होत नाही.

नवा खड्डा आता घराच्या मागे आहे, पुरुषभर खोल, आणि बोर्डावर झटका बसताच वीज तोडणारा स्विच आहे. हे पत्र कोठे पाठवायचे नाही. तेव्हा धाकट्याच्या सांगण्यातील काळ येथेच दुरुस्त करून ठेवतो.

एसी अक्षय्यतृतीयेस आला, असे तो सांगतो. चूक. अक्षय्यतृतीयेस तुम्ही कारखान्यात होता. एसी वैशाख सरताना आला.

मोगरा एसीनंतर लावला, असे तो सांगतो. चूक. तो घरात वीज आली त्या वर्षीच्या ज्येष्ठात, अर्थिंगचा खड्डा बुजवल्याच्या दुसऱ्या दिवशी लावला.

आई रोज गजरा माळत असे, असे तो सांगतो. चूक. तिने तो एकदाच, एका वटपौर्णिमेस माळला आणि दुपारी काढून माझ्या पत्नीला दिला.

वहिनी चैत्रात ओल्या फरशीवरून घसरून पडली, असेही तो सांगतो. चूक. चैत्र बरोबर आहे. घसरली, हे मी त्याला कळवले होते.

त्या जागी पुन्हा मोगरा लावला: काल. त्याच्याखाली काही नाही. आज सकाळी गिझर लावण्याआधी मी त्याला पाणी घातले.