अक्कांचा डबा

मंगळवार, संध्याकाळ, बसवनगुडी

प्रोग्रॅम सुटला एकदाचा! सकाळपासून अडकून बसला होता. एरर नाही, काही नाही, नुसता ढिम्म. प्रोग्रॅमच्या भागांमध्ये निरोपांची ने-आण करणाऱ्या तयार लायब्ररीला मी उगाच शिव्या घातल्या. चूक माझीच. एकाच वेळी चालणाऱ्या दोन्ही प्रोसेसना सांगून ठेवलं होतं की आधी समोरचीचा मेसेज घे, मग आपला पाठव. बसल्या दोघी एकमेकींची वाट बघत. एकीला म्हटलं, आधी तू पाठव. लगेच धडाधड चालू.

घरी आले तर ओट्यावर शेजारच्या अक्कांचा डबा. रिकामा कसा परत करायचा, म्हणून काहीतरी छान करेपर्यंत ठेवलेला. पण कधी करणार होते मी? शेवटी त्यात मूठभर साखर घातली आणि त्यांची बेल वाजवली.

अक्का हसायलाच लागल्या. "स्वल्प थांब," म्हणाल्या आणि आतून त्यांच्याकडे राहिलेला माझा डबा घेऊन आल्या. "चिरोटे करून मगच द्यावा म्हटलं गं. रिकामा कसा देऊ?"

तिथेच बसून आम्ही दोघी त्याच साखरेचा चहा प्यायलो. घरी आल्यावर लक्षात आलं, दोन्ही डबे तिकडेच राहिले. राहू देत. आता पाठवायची पाळी अक्कांची, वाट बघणारी मी एकटीच.