लताबाई बसल्या होत्या ती जागा

हरसूलजवळचा आमचा पाडा,
बुधवार, ९ एप्रिल २०२५

प्रिय वैष्णवीताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. तिकडे तू आणि आई बऱ्या असाल असं धरून चालते. आईचा दमा कसा आहे? आमचे मोह वेचायचे दिवस आहेत. पहाटे झाडाखाली गेलं की वासानेच डोकं हलकं होतं, आणि आपण चालतोय की झोपेत आहोत हे दुपारपर्यंत कळत नाही. पत्रात कुठे भरकटले तर सांभाळून घे.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवरचं कुठून कुठे जाईल त्याचा नेम नाही, हे तूच शिकवलंस. माझा भाऊ पुंजा उद्या पहिल्या एसटीने नाशिकला येऊन हे तुझ्याच हातात देईल. आणि खरं सांगू, सहा महिने तू माझ्याशी बोलली नाहीस, मग फोन मी कोणत्या तोंडाने करू?

तो नकाशाचा दिवस मला अजून दिसतो. ऑफिसात बसून कोणी गावाच्या पाण्याचं ॲप बनवायचं नाही, गावानेच सांगायचं, असं तू म्हणालीस आणि आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आम्हाला कधी कुणी विचारलंय! मग शाळेच्या अंगणात राखेने डोंगर काढले, रांगोळीने वाटा, निळीने झरे आणि विहिरी. दुपारी मी ओट्यावरून पाहिलं, तर आमचा अख्खा पाडा खाली निजला होता आणि आमच्याच बाया त्याच्यावरून अलगद पाय टाकत चालत होत्या. इतकं देखणं आमचं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. तू शिडीवर चढून फोटो काढलास, तोच ॲपमध्ये घेतलास, आणि एकेका झऱ्यावर बोट ठेवून मी त्याची माहिती भरली.

फोटोत वरच्या कोपऱ्यात लताबाई बसलेल्या आहेत, आठवतं? आमच्या पाड्याच्या सुईण. सकाळी बसल्या त्या चहालाही उठल्या नाहीत. तू म्हणालीस, असू दे, गुडघे दुखत असतील. गुडघे ठणठणीत आहेत गं. ही बाई अजून डोंगर चढते. त्या मुद्दाम बसल्या होत्या. त्यांच्याखाली एक झरा होता.

आदल्या दिवशी बायांचं ठरलं होतं, बाकी सगळं दाखवायचं, जांभळीखालचा झरा दाखवायचा नाही. दाखवला की पाइप येईल, मोटर येईल, पुरुषांची ये-जा सुरू होईल. तू सगळ्यांसमोर विचारलंस, काही राहिलं का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मोबाइल माझ्या हातात होता. मी म्हटलं, नाही ताई, सगळं आलं. माझ्या शब्दावर तू नकाशा पुरा आहे अशी सही करून वरच्या ऑफिसात दिलीस. पुढे तो कोपरा कोरा का, असं साहेबांनी तुला विचारलं, तू मला विचारलंस, आणि मी फोन कट केला. लबाडी माझी आणि बोलणी तू खाल्लीस.

आता ऐक. सोमवारी पंचायतीत पाण्याच्या टाकीचा कागद आला. उंचावरची, सपाट, मोकळी जागा त्यांना हवी होती, आणि ती आपल्याच नकाशात सापडली. लताबाई बसल्या होत्या तीच. येत्या मंगळवारी जेसीबी येतोय. ठेकेदाराला मी म्हटलं, तिथे खणू नका. तो म्हणाला, "बाई, तुमच्याच नकाशात तिथं काय नाय."

टाकी आम्हालाही हवी आहे. शाळेमागच्या टेकाडावर ती बसते. सरपंच सावळीरामभाऊ बदल करायला तयार आहेत, पण कारण सांगा म्हणतात. ते कारण बायांना पुरुषांपुढे सांगवत नाही. मीसुद्धा तुला मघापासून पाइप आणि मोटरच सांगत बसले आहे.

तिथे नुसता झरा नाही, ताई. आमची जी लेकरं जगत नाहीत, ती तिथे ठेवतात. लताबाई स्वतःच्या हाताने ठेवतात, माती सपाट करतात, खुणेचा दगडही ठेवत नाहीत. मग ती आई कधीतरी हंडा घेऊन पाण्याच्या निमित्ताने जाते आणि घटकाभर बसून येते. उशीर का झाला, असं तिला घरात कुणी विचारत नाही.

नोव्हेंबरपासून मीही जाते. तू गेलीस तेव्हा मला सातवा होता. ती पाच दिवस होती. तुला कळवलं नाही, कारण कळवायचं तर ती कुठे आहे हेही सांगावं लागलं असतं. दुपारी कधी कधी तिथे माझा डोळा लागतो, आणि पाण्याच्या आवाजात बरीच पोरं मिळून काहीतरी बडबडतायत असं वाटतं. मग उठवत नाही मला.

काल सगळ्या बाया माझ्या घरी जमल्या. लताबाई म्हणाल्या, "लपवलं म्हनून चाललं हातचं. आता लिही." मी मोबाइल उघडला. यादी आली: विहीर, झरा, हातपंप, बंधारा, मोकळी जागा. कशावर बोट ठेवू? ती यादी तू आणि आम्ही मिळूनच केली होती, पण हे त्यात घालायचा एकीलाही धीर झाला नव्हता. आता बायांनी नाव ठरवलंय, "लेकरांची जागा". तेवढं एक यादीत वाढव. कोणाचं, किती, असं विचारणारा रकाना त्याच्यापुढे नको.

आणि मंगळवारच्या आत ये. तू शेजारी असलीस तर मी सरपंचांपुढे उभी राहून कारण सांगेन. नाही आलीस तरी सांगेन, फक्त आवाज फुटेल की नाही ते ठाऊक नाही. तुझ्याशी खोटं बोलले त्याची माफी मागते. रागाव माझ्यावर, पण ये.

बारसं झालं नाही, त्यामुळे तिचं नाव कुणी उच्चारलं नाही, आणि मलाही त्या नावाने कुणी हाक मारली नाही. इथे पहिल्यांदा लिहिते.

तुझी मनाली,
कार्तिकीची आई