विहिरीतली रोमन नाणी

२ नोव्हें. ७८
भाऊबीज. देवळ्याहून शांता आली. तिचे यजमान मुरलीधरराव, भाची सोबत. भाचीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचं नाणं. बघितलं आणि ताटावरून उठलोच. राजाचं डोकं, कडेनं रोमन अक्षरं. माझ्याकडे अशी दोन, सराफ बाजारातून घेतलेली. कुठून आली, सराफालाही माहीत नाही.
'कुठलं गं?' शांतानं आधी नवऱ्याकडे पाहिलं. 'विहीर खणताना सापडलं, दादा.'

५ नोव्हें.
देवळा. मु.रावांनी गाडगं दाखवलं. फुटकं, पण तळाशी नाणी अजून एकमेकांना चिकटलेली. काही आधीच सटाण्याच्या सोनाराकडे वितळवली. त्याचेच भाचीचे पैंजण!
म्हटलं, कलेक्टर कचेरीत कळवा, कायदा आहे. मु.राव शांतपणे म्हणाले, 'वावर आमनं शे. पोलीस येतीन, विहिरीनं काम बंद पडी. मंग पिवाले पाणी तुम्ही देशात का?'
शेत त्यांचं; प्यायला पाणी मी कुठून देणार? तसाच परतलो.

९ नोव्हें.
शाळेतून आलो तर मुंबईचा एक व्यापारी घरी बसलेला. मु.रावांनी पत्ता दिला म्हणे. नमुन्याची नाणी टेबलावर मांडली. 'सर, यातलं आवडेल ते ठेवा. फक्त गाव विसरा. विकताना जुन्या संग्रहातली, एवढंच लिहू.'
एक हातात घेतलं. इतकं स्वच्छ नाणं मी कधी धरलं नव्हतं. लगेच खाली ठेवता आलं नाही. मग ठेवलं.
जाताना म्हणाला, 'सोमवारी देवळ्याला उरलेली उचलतोय. बहिणीचा संसार आहे, सर. विचार करा.' झोप नाही.

१३ नोव्हें. सोमवार
सकाळी शांता दारात. एकटी. भाकरीच्या डब्यात नाणी, फडक्यात गाडग्याचे तुकडे.
'मु.रावांना माहीत आहे?'
'नाही. तुझ्याकडे ठेवू नकोस. द्यायची तिथं दे.'
कचेरीत कारकुनानं विचारलं, कुठे सापडली? बेवारस पडलेली, असं सांगायचं मी मनात ठरवून गेलो होतो. तिला वाचवायला. मी तोंड उघडायच्या आत शांतानं गाव, शिवार, विहीर सांगितली. स्वतःचं नाव. मग नवऱ्याचंही.
बाहेर आल्यावर तिनं रिकामा डबा फडक्यात बांधला.

संध्याकाळ. देवळ्याची गाडी येऊन गेली असेल. शांता ओट्यावर बसून आहे. आत ये म्हटलं.
'येऊ दे त्यांना. मीच बोलेन. तू मधे पडू नकोस, दादा.'
कोपऱ्यावरून कुणीतरी येतंय. अजून ओळखू येत नाही.