आयेच्या खाटेखालचा भात

३ मे, शनिवार
आज मान खाली गेली माझी! कपडे वाळत घालत होते, तर शेजारची नर्मदा कुंपणापाशी आली. "किशोरी, तुझी सासू सांगत होती, सून जेवूक घालणा नाय म्हणान." हसत म्हणाली — पण म्हणालीच ना!
जामसंड्यात लग्न होऊन आल्यापासून सासूला, आयेला, वाढल्याशिवाय मी घास घेतलेला नाही. हल्ली आमच्या खानावळीत पर्यटकांची गर्दी, म्हणून तिचं पान थोडं उशिरा पडतं. एवढंच.
सुदेशला फोन केला. "म्हातारी झाली ती, सोडून दे." मुंबईत बसून सोडून द्यायला नवऱ्याचं काय जातं!

४ मे, रविवार
आयेशी बोलले नाही. ताट ठेवलं नि आले.

६ मे, मंगळवार
तिची खोली झाडायला घेतली. खाटेखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा. उघडला — भात! बुळबुळीत झालेला, आंबूस वास. खानावळीच्या टोपातून काढून नेलेला.
"आये, ह्यां काय?"
"भूक लागता माका."
"दुपारी जेवलात मा?"
"मी खंय जेवलंय?"
माझं डोकंच फिरलं. अर्ध्या तासापूर्वी मीच तर वाढलं होतं! "खोटा बोला नकात!" इतक्या मोठ्यानं ओरडले की बाहेर जेवणारे पाहुणे गप्प झाले. आयेनं डबा उचलून छातीशी धरला, पुटपुटली, "आमी जल्मभर शिळो भात खाल्लो, काय झाला आमका?"
अहो, तो रात्री पाण्यात घालून सकाळी खाल्लेला. हा मे महिन्यात डब्यात कोंडून कुजवलेला! पण समजावलं नाही मी. डबा तिच्या हातातून ओढून घेतला. संध्याकाळी स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावली.
नर्मदेनं कडी बघितली.

९ मे, शुक्रवार
पंगत वाढत होते. आतून ओकण्याचा आवाज. धावत गेले — आये खाटेवर वाकडी, पांढरीफटक. उलटीवर उलटी. उशाखाली दुसरा डबा, अर्धा रिकामा. कधी घेतला, कळलंच नाही. पंगतीच्या गडबडीत स्वयंपाकघराचं दार उघडंच असतं.
रिक्षानं दवाखान्यात. सलाईन लावलं. डॉक्टर मुलगी तरुण, पण शांत. म्हणाली, "शिजलेला भात उबेत राहिला की त्यात जंतू वाढतात, विष तयार होतं. नंतर कितीही गरम करा, ते विष जात नाही. उरला तर पसरून लगेच गार करा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा, नि दुसऱ्या दिवशी संपवा."
मी मान डोलावली. पण दुपारचा टोप मीसुद्धा संध्याकाळपर्यंत चुलीवरच ठेवते, रात्रीच्या पाहुण्यांना वाफ देऊन वाढते. आजवर निभावलं, इतकंच. आणि ओरडले कुणावर?

१० मे, शनिवार
आये थोडी बरी. पेज घेऊन गेले, तर दारातूनच ऐकू आलं. नर्सला सांगत होती, "माझ्या सुनेक सांगा नको गो. बोलतली ती माका."
दाराबाहेरच उभी राहिले. पेज निवली.

१२ मे, सोमवार
आयेला घरी आणलं. आल्या आल्या स्क्रू काढून कडी उतरवली.
आता भात दोनदा थोडा थोडा लावते. उरला की परातीत पसरायचा, पंख्याखाली. गार झाला की लहान डब्यात, लगेच फ्रीजमध्ये. जास्तीचं काम आहे, होऊ दे. आयेचं पान पाहुण्यांच्या आधी. माफी मागायची होती. तिचे पाय चेपून दिले.
"हात गरम आसत गो तुझे," म्हणाली. बस्स.

१४ मे, बुधवार
आज समोर बसून जेवू घातलं. मऊ भात, वरण, वर तूप. पान पुसून खाल्लं तिनं. हात धुवायला पाणी दिलं, ताट घासून परत आले, तर दारात उभी. माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.
"बाय, तू कोणाची गो? ह्या घरात माका सकाळपासून कोणी जेवूक घातल्यानी नाय."
खोटं नव्हती बोलत. कधीच नव्हती.
हनुवटीवर मघाचं शीत तसंच चिकटलेलं होतं.